फळ्यावरचं मत

दुकानात गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी त्याचं तोंड बघतो. मी टाच बघतो. कुणी तरुण पोरगा पायरी चढला की माझी नजर खाली जाते. टाचेला पांढरं काही लागलेलं नाही ना, हे बघून मगच मी त्याला काय हवंय ते विचारतो. कधीच काही लागलेलं नसतं. बायको म्हणते, "लोकांच्या पायाकडे काय बघत बसता? चपलांचं दुकान आहे का आपलं?" आमचं दुकान झेरॉक्स आणि स्टेशनरीचं आहे, डहाणूला, कॉलेजच्या फाटकासमोर. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण चांगला धडधाकट, जिवंत माणूससुद्धा मानगुटीवर बसू शकतो, हे मला आता ठाऊक झालं आहे.

दुकानाच्या भिंतीला, पत्र्याखाली, एक काळा फळा आहे. तिथे मी 'येथे सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील' असं लिहायचो. माझं अक्षर चांगलं. ही एवढी एकच कला देवाने दिली आणि तिनेच माझं वाटोळं केलं. चौदा सालची गोष्ट. आमच्या कॉलेजच्या कबड्डीच्या टीमने पाहुण्या आलेल्या तलासरीच्या कॉलेजकडून आपल्याच मैदानावर सडकून मार खाल्ला होता. माझा एक मित्र डहाणू-तलासरी अशी इको गाडी चालवतो. प्रवाशांच्या आधी त्याला सामन्याची बातमी असते. तो चिडून म्हणाला, "लिही काहीतरी. कळू दे यांना, बघणाऱ्यांनाही मत असतं." मी फॉर्मची ओळ पुसली आणि लिहिलं: 'पाहुण्यांची सरबराई करावी ती आमच्या पोरांनीच.' संध्याकाळपर्यंत अख्खं कॉलेज ते वाचून गेलं. खेळणारी पोरंसुद्धा हसली. त्या दिवसापासून सामना झाला की एक ओळ, असा पायंडाच पडला. लोक येता-जाता विचारायचे, "आज मत काय?"

नियम एकच होता आणि तो इकोवाल्यानेच घातला होता. मत एकदा लिहिलं की पुढच्या सामन्यापर्यंत पुसायचं नाही. नाहीतर हरल्यावर लिहिलेलं पोरं रात्रीत पुसून टाकतील, असं त्याचं म्हणणं. नियम सगळ्यांना आवडला. मलाही आवडला, कारण माझं अक्षर आठ-आठ दिवस लोकांसमोर राहायचं.

मी स्वतः काय खेळलो होतो? चिखल्याच्या वाडीत चिकूच्या झाडांमधून पळालो, तेवढंच. कॉलेजात असताना राखीव खेळाडूंमध्येही मी राखीव होतो. पण मत द्यायला खेळता कुठे यावं लागतं? दुकानाच्या बाकावर बसलेला प्रत्येक जण तज्ज्ञ. कुणी म्हणायचा, आपल्या पोरांच्या पायात बूट आले आणि पायातली ताकद गेली. कुणी म्हणायचा, तलासरीची पोरं डोंगर चढून शाळेत जातात, त्यांचा दम संपतच नाही. चिकूचा एक व्यापारी होता, गुजराती. तो प्रत्येक पराभवानंतर एकच वाक्य म्हणायचा, "आपडी टीम मां दम नथी, भाई," आणि चहाचा ग्लास खाली ठेवायचा. आम्ही जिंकलो की पंच उत्तम, हरलो की मैदान उताराचं. नाचता येईना अंगण वाकडं. तलासरीवाले आम्हाला 'पिकलेले चिकू' म्हणायचे, दाबलं की गेले. आम्ही त्यांना काय म्हणायचो ते इथे लिहीत नाही. ते थट्टेचं नव्हतं, माजाचं होतं. किनाऱ्यावरच्या वाडीवाल्यांना डोंगराकडच्या माणसांबद्दल जो माज असतो, तोच.

दोन वर्षं आम्ही त्यांच्याकडून हरलो. मग बाकावर ठरलं की त्यांचाच एखादा पोरगा आपल्याकडे आणायचा. कॉलेजला याची काही कल्पना नव्हती, ही सगळी आमची, बघणाऱ्यांची उठाठेव. कोणता पोरगा, यावर वाद झालाच नाही. तलासरीला बारावीला होता तो. तिथल्या झरी गावचा. अंगाने काटकुळा, पण चढाईला गेला की समोरच्या सातांना कळायचं नाही तो कुठून येणार. तो कबड्डी-कबड्डी हळू म्हणायचा, जवळजवळ पुटपुटायचा. पंच सारखे वाकून कान द्यायचे.

सोळा सालच्या जून महिन्यात आम्ही दोघं, मी आणि इकोवाला, झरीला गेलो. सोबत नारळ आणि गूळ. मुलगी मागायला जातात तसे, असं आम्ही गाडीत हसत म्हणत होतो. पाड्यावर पोचलो तेव्हा पोरगा शेजारच्या मोकळ्या जागेत खेळत होता. तिथे ना पंच, ना रेषापंच. काठीने जमिनीवर ओढलेली चौकट, बस. खेळ बघता बघता एक गोष्ट लक्षात आली. पाय बाहेर गेला की ज्याचा गेला तोच हात वर करायचा, "बाद" म्हणायचा आणि बाहेर जाऊन बसायचा. कुणी भांडत नव्हतं. इकोवाला माझ्या कानात म्हणाला, "यांना भांडायला पण शिकवावं लागेल."

घरात त्याची आई होती. बाप नव्हता. तिने आम्हाला खाटेवर बसवलं आणि स्वतः उंबऱ्याशी खाली बसली. मला ती शेठ म्हणाली. मी म्हटलं, शेठ नका म्हणू, माझं झेरॉक्सचं दुकान आहे. तरी ती शेठच म्हणत राहिली. मी तिला डहाणूचं कॉलेज, वसतिगृह, बी.ए., पुढे खेळाडू म्हणून नोकरी, असं सगळं रंगवून सांगितलं. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्यात अजून कोन कॉलेजला गेला नाय. तो जाईल तं पयला. शिकंल ना पन पुरा?"

"मी जबाबदारी घेतो," मी म्हणालो. "तीन वर्षं पूर्ण करूनच परत पाठवतो. खेळ गेला तरी शिक्षण राहील."

"आन् हरला तं काय कराल त्याचं?"

मी हसलो. म्हणालो, "हरेल कशाला?"

ती हसली नाही. पोराकडे बघून म्हणाली, "ह्याच्यात एकच खोड हाय. ह्याला खोटं बोलता येत नाय. शाळेत पन मार खायाचा." आणि चहा टाकायला आत गेली. इकोवाल्याने मला डोळा मारला, म्हणजे काम झालं.

पहिलं वर्ष सुखाचं गेलं. तो वसतिगृहात राहायचा, सकाळी मैदानावर, मग वर्गात, आणि दुपारी नोट्सची झेरॉक्स काढायला माझ्याकडे. मला काका म्हणायचा. इतिहासाचं पुस्तक घेऊन यायचा आणि मशीन चालू असताना उभ्याउभ्या वाचायचा. त्याच्यावर मी फळ्यावर किती कौतुकाच्या ओळी लिहिल्या! 'झरीचा झरा, डहाणूचं पाणी.' अशा. लोक माझी पाठ थोपटायचे, जणू चढाई मीच केली. तलासरीचे लोक मात्र त्याच्याशी बोलायचे बंद झाले होते. सुट्टीला घरी जाताना एसटीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची, असं त्याने एकदा सहज सांगितलं. मी म्हटलं, लोकांचं काय मनावर घ्यायचं.

दुसऱ्या वर्षी, थंडीत, कॉलेजांच्या स्पर्धेचा अंतिम सामना त्यांच्याशीच आला. मैदान आमचं, मातीचं, फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने आखलेलं. मी दुपारपासून जागा धरून बसलो होतो. बाजूच्या रेषेला अगदी लागून, खाली मातीतच. माझ्या गुडघ्यापासून रेषा एक हातावर होती.

कबड्डी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की चढाई करणाऱ्याचा पाय बाजूच्या शेवटच्या रेषेबाहेर पडला की तो बाद, आणि गुण समोरच्यांना. शेवटची चढाई होती. गुण सारखे. तो गेला. त्याच्या मामाचा मुलगा समोरच्या टीममध्ये कोपऱ्यात उभा होता. त्यालाच याने हात लावला आणि वळला. दोघं अंगावर आले. हा बाजूने निसटला, माझ्यासमोरून, आणि मध्यरेषेपलीकडे जाऊन पडला. पंचांनी गुण दिला. शिट्टी झाली. आम्ही जिंकलो. माणसं उड्या मारायला लागली.

पण तो माझ्यासमोरून गेला तेव्हा त्याची डावी टाच रेषेपलीकडे पडली होती. मी पाहिलं. फक्की उडाली. थोडी माझ्या पँटवर आली. या बाजूचा रेषापंच त्या दोन पकडणाऱ्यांच्या आड होता, त्याला दिसणं शक्यच नव्हतं. मैदानावर हे फक्त दोन माणसांना माहीत होतं, त्याला आणि मला.

तो उठला. लोक त्याला उचलायला धावत होते, तेवढ्यात त्याने हात वर केला. पंचांकडे गेला आणि म्हणाला, "सर, पाय बाहेर गेलेला." पंचांनी दोनदा विचारलं. त्याने दोनदा तेच सांगितलं. पंचांनी गुण काढून घेतला आणि तलासरीला दिला. आम्ही एका गुणाने हरलो.

मग जे झालं ते सांगायला मला आजही लाज वाटते. माणसं मैदानात घुसली. कुणी त्याची जर्सी ओढली. कुणी ओरडलं, "मामाच्या पोराला वाचवलं रे!" ते एकदा कुणीतरी म्हटलं आणि मग सगळ्यांनाच पटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. शेकडो पायांनी ती रेषा पार मिटून गेली. मी तिथेच उभा होतो. माझ्या पँटवर फक्की होती. मी ती झटकली.

दुकानावर सगळे जमले. बाक भरला, माणसं रस्त्यावर उभी राहिली. इकोवाला रडायच्या बेतात होता. तो म्हणाला, "पंचाने दिलेला गुण कोण परत करतो? जगात कोण करतो? ठरलेलं होतं हे." चिकूचा व्यापारी म्हणाला, "लोही बोले छे, भाई. रक्त बोलतं." कुणी म्हणालं, सकाळी तो मामाच्या मुलाशी बोलताना दिसला होता. एवढ्या दिवसांनी त्याच्याकडचं कुणी त्याच्याशी बोललं, तर तेही गुन्ह्यात जमा. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. खडू माझ्या हातात होता.

मी बोलायला हवं होतं. चार शब्द पुरे होते, पाय बाहेरच होता, मी पाहिलं. पण चाळीस माणसं माझ्या ओळीची वाट बघत होती, आणि माझ्या डोक्यात ओळ आधीच तयार झाली होती. चांगली ओळ सुचली की ती खरी आहे की खोटी हे बघायचं भान राहत नाही, निदान माझ्यासारख्या हलक्या माणसाला तरी नाही. मी लिहिलं: 'जर्सी डहाणूची, रक्त तलासरीचं.'

टाळ्या पडल्या. खरोखरच्या टाळ्या. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले. रात्रीपर्यंत ती ओळ झाईपासून झरीपर्यंत सगळीकडे पोचली होती. माझ्या अक्षराचंही कौतुक झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला, परीक्षेच्या फॉर्मची झेरॉक्स काढायला. फळ्यासमोर उभा राहिला. वाचायला एवढा वेळ लागावा इतकी मोठी ओळ नव्हती ती. मग आत आला आणि विचारलं, "काका, तुमचं अक्षर ना?"

मी म्हणालो, "अक्षर माझं. मत सगळ्यांचं आहे."

त्याने मान हलवली आणि कागद पुढे केला. मी झेरॉक्स काढून दिली. कागद घेताना तो म्हणाला, "पाय बाहेर गेला होता, काका. म्हणून सांगितलं." मी म्हणालो, "असेल, असेल." हे दोन शब्द मी इतक्या वेळा मनात परत उच्चारले आहेत, की आता त्यांना काही अर्थच उरलेला नाही.

तो वर्षातला शेवटचा सामना होता. पुढच्या सामन्यापर्यंत पुसायचं नाही, हा नियम. आणि पुढचा सामना पावसाळ्यानंतरच्या मोसमात होणार होता. नियम घातला तेव्हा हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. ती ओळ कॉलेजच्या फाटकासमोर तशीच राहिली. वसतिगृहाकडून कॉलेजला यायला रस्ता एकच. रोज सकाळी तो तिच्यासमोरून जायचा, रोज दुपारी परत. आधी या बाजूने जायचा. मग रस्त्याच्या पलीकडून जायला लागला, मान खाली घालून. पोरं त्याला 'रक्त' म्हणून हाक मारायला लागली. खेळाच्या सरांनी त्याला टीममध्ये ठेवलं होतं, समजावत होते, पण त्याने सरावाला येणंच बंद केलं.

बायको दोनदा म्हणाली, "अहो, पुसा ते. पोरगं घरी येऊन जेवून गेलंय आपल्या." मी म्हणालो, नियम आहे. काय तो नियम! कुठल्या सरकारने केलेला होता? पण मला भीती वाटत होती. पुसलं तर लोक विचारतील का पुसलं, आणि मग मला सांगावं लागेल की मी काय पाहिलं होतं आणि तरी काय लिहिलं. एक खोटं निस्तरायचं तर दुसरं कबूल करावं लागतं. ते माझ्याच्याने झालं नाही.

फेब्रुवारीत तो दिसेनासा झाला. मला वाटलं, आजारी असेल. मग परीक्षा सुरू झाली आणि त्याच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितलं की तो परीक्षेलाच बसला नाही. मी वसतिगृहात जाऊन आलो. त्याची पेटी नव्हती. काही दिवसांनी इकोवाल्याने बातमी आणली की तो हद्दीपलीकडे गुजरातमध्ये कुठल्याशा कारखान्यात लागला आहे, पॅकिंगला. इकोवाला एवढंच म्हणाला आणि गाडीत जाऊन बसला. त्या दिवसापासून आमच्यात ती गोष्ट निघालेली नाही.

पाऊस लागायच्या आधी बायकोने माझ्यादेखत बादली आणली आणि फळा धुतला. पण पाच महिने राहिलेला खडू फळ्यात मुरतो. सुकल्यावर ओळ परत दिसायला लागली, फिकट, पण दिसत होती. मी काळा रंग आणून दोन हात दिले. तरी दुपारी चारच्या सुमाराला ऊन तिरपं झालं की माझ्या त्या चांगल्या अक्षरातलं 'रक्त' वर यायचं. बाकीच्यांना ते दिसत नाही असं ते म्हणतात. मला दिसतं. नव्या मोसमात लोक म्हणाले, लिही. मी म्हणालो, माझा हात दुखतो. कुणीतरी दुसऱ्याने लिहिलं. त्याचं अक्षर वाईट होतं, म्हणून ती प्रथा आपोआप बंद पडली.

वर्ष असं गेलं. मशीनवर कागद ठेवायचो आणि ती पुटपुटती कबड्डी-कबड्डी ऐकू यायची. मशीन बंद केलं की थांबायची. रस्त्याच्या पलीकडून कुणी मान खाली घालून गेलं की मी पायरीपर्यंत धावायचो. बायकोने एकदा वैतागून म्हटलं, "जाऊन या एकदा झरीला. इथे बसून काय उपयोग?"

एकोणीस साली, उन्हाळ्यात, मी गेलो. एकटाच, दोन एसटी बदलून. बरोबर घरबसल्या पदवी करता येते त्याचा फॉर्म होता, जमेल तेवढा मीच भरलेला. पाड्यावर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. आईने मला ओळखलं. "शेठ आले," म्हणाली आणि खाट सावलीत ओढली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. त्याला साप्ताहिक सुट्टी होती, तो घरीच होता. अंगाने भरला होता. मिशी आली होती.

"बसा काका," तो म्हणाला आणि समोर दगडावर बसला.

मी फॉर्म काढला. समजावून सांगितलं की पहिल्या वर्षाचे मार्क धरतील, कॉलेजला जावं लागणार नाही, पुस्तकं मी पाठवीन. त्याने फॉर्म हातात घेऊन पूर्ण वाचला, माझं अक्षर बोटाने चाचपलं आणि म्हणाला, "ठेवतो. बघतो. तीन पाळ्या असतात कंपनीत." ते नाही म्हणणं होतं, पण नीट, पाहुण्याला दुखवायचं नाही असं.

मग मी जे सांगायला आलो होतो ते सांगितलं. सरळ बोलता येईना, म्हणून तुकड्यातुकड्याने. म्हणालो, "माझं चुकलं. चुकलं म्हणजे, मी पाप केलं. त्या दिवशी मी रेषेला लागूनच बसलो होतो. तुझी टाच बाहेर पडली ती मी पाहिली होती. फक्की माझ्या पँटवर उडाली. मला माहीत होतं तू खरं बोललास, आणि तरी मी ते लिहिलं."

त्याने फॉर्म गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली. मला वाटलं, आता तो मला हाकलेल. मी त्यासाठी तयार होऊनच आलो होतो. पण त्याने मान वर केली आणि विचारलं, "खरंच पडलेली का, काका?"

मला वाटलं तो टोमणा मारतोय. पण नाही, तो खरोखर विचारत होता.

"मंजे, आता मला आठवत नाय," तो म्हणाला. "पयले आठवायचं. टाचेला रेषा लागली असं. मंग सगळे बोलाय लागले. मामाचा पोऱ्या पन मला बोलला, भावासाठी केलंस, बरं केलंस. मी रोज आठवून बघायचो. त्या रस्त्याने जाताना वाचायचो आन् आठवून बघायचो. रोज जरा कमी आठवायचं. आता वाटतं, केलं असंल मी मुद्दाम. एवढी मानसं बोलतात ती काय उगीच?"

आई उंबऱ्याशी बसली होती. ती त्याच्याकडे बघत होती. तिने कधीतरी मला सांगितलेली त्याची ती एकुलती एक खोड, ती तिच्यासमोर माझ्यामुळे मोडून पडली होती. मी त्याची पदवी बुडवली म्हणून झुरत होतो, वर्षभर. पदवीचं काय, ती फॉर्म भरून मिळते.

"नाही रे बाबा," मी जवळजवळ ओरडलो. "मी पाहिलं ना! माझ्या डोळ्यांनी! शपथ घेतो, कुणाची म्हणशील त्याची."

तो हसला. वयस्कर माणसाची समजूत काढताना हसतात तसा. "तुमी मला बरं वाटावं म्हनून बोलता. एवढ्या उन्हातून आलात." मग म्हणाला, "राहू द्या काका. आता तुमी कायपन बोला, ते मतच वाटतं."

मी परत सांगितलं, डावी टाच, माझ्यासमोर, एक हातावर. त्याने मान हलवली. आणि निघताना मी पुन्हा एकदा सांगितलं, सगळं, सुरुवातीपासून, आणि सांगता सांगता मला माझाच आवाज ऐकू आला, तर तोही मला खरा वाटेना.